सातव्या किलोमीटरवरची भीती

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त बूट दिसत होते.

वनकार्यालयाच्या मागच्या आवारात एक हिरवी, उघडी, जाड चाकांची गाडी उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन बूट बाहेर आले होते. हलत नव्हते. मी हातातली नकाशांची गुंडाळी टाकली आणि ओरडले.

ते साधंसुधं ओरडणं नव्हतं. चार वर्षांच्या मुलीची आई आहे मी. भुंगी उघड्या खिडकीकडे धावली की जी किंकाळी निघते, तीच निघाली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड उघडल्या, आवक-जावकवाले टेबलं सोडून धावले, साहेब चष्मा हातात घेऊन जिन्यात आले. तेवढ्यात बूट हलले. मग गुडघे निघाले, मग ग्रीसने माखलेला शर्ट, आणि सगळ्यात शेवटी एक शांत चेहरा.

"जिवंत आहे मॅडम," तो म्हणाला. "फक्त उजव्या कानाने जरा कमी ऐकू येतंय आता."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. शोधून शोधून दमल्यावर किल्ली आपल्याच खिशात सापडावी, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"या बाई चालतील," ते म्हणाले.

कशासाठी, ते मला दहा मिनिटांनी त्यांच्या केबिनमध्ये कळलं. आमच्या कार्यालयाच्या ताब्यात एक जुनं जंगल आहे. जुनं म्हणजे कधीच न तोडलेलं. तिथली झाडं किती शतकांची आहेत हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. त्यातून अकरा किलोमीटरची कच्ची गाडीवाट काढली होती, आणि तिच्या तोंडाशी 'सोपी वाट' अशी पाटी लावायची होती. पण पाटी लावण्याआधी वाट खरंच सोपी आहे का, हे ठरवायची आमच्याकडे एक पद्धत आहे. धीट माणसाला विचारायचं नाही. ज्याला गाडी चालवता येते पण जो घाबरट आहे, अशा एका परीक्षकाला स्टीअरिंगवर बसवायचं, शेजारी वाटेचा राखणदार, आणि दर शनिवारी एक फेरी. फेरी संपली की परीक्षकाने तक्ता भरायचा: कुठे भीती वाटली आणि किती, शून्य ते पाच. राखणदार आठवडाभरात ती जागा नीट करणार, पुढच्या शनिवारी पुन्हा फेरी. सगळे आकडे तीनच्या खाली आले की पाटी लागली, काम संपलं.

"साहेब, मला लहान मुलगी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

घरी आई माझी बाजू घेईल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जा. भुंगी माझ्याजवळ राहील. तेवढाच तिला आठवड्यातून एक दिवस आराम. तुझी काळजी झेलून दमते गं पोर."

पहिल्या शनिवारी मी बॅगेत पट्ट्या, मलम, पाण्याच्या दोन बाटल्या, ओले टिश्यू, शिट्टी आणि भुंगीचा फोटो घेऊन गेले. वाटेचा राखणदार म्हणजे तोच, गाडीखालचा; तो गाडीला टेकून उभा होता. कार्यालयात त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण वायरलेसवर तो त्याशिवाय दुसरा शब्दच बोलत नसे. मला माझ्या मागे 'सीटबेल्ट' म्हणायचे, हेही मला ठाऊक होतं.

मी बेल्ट लावला. ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला. मग त्याचाही ओढून पाहिला.

"पास?" त्याने विचारलं.

"तुमचा जरा सैल आहे."

"मी जरा जास्त जेवलो की तो बरोबर होतो."

मला हसू आलं, पण मी ते गिअर टाकण्याच्या आवाजात लपवलं.

वाट सुरू झाली आणि उजेड बदलला. वरून तो गाळून यायचा, हिरवट, थोडा ओलसर. बुंध्यांवर शेवाळ इतकं जाड की हात ठेवला तर बोटं दिसेनाशी व्हावीत. पडलेल्या झाडांवर नवी झाडं उगवलेली. पाऊस आदल्या दिवशीच थांबला होता, पण झाडांना ते कळलं नव्हतं. एकेक थेंब कुठून कुठून अजून पडत होता. हे सगळं मी नंतर पाहिलं. पहिल्या फेरीत मला फक्त चाकं आणि दगड दिसले.

"अंगठे स्टीअरिंगच्या बाहेर," तो म्हणाला. "दगडावर चाक गेलं की स्टीअरिंग झटका देतं. अंगठा आत असेल तर दुखावतो."

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही बसला नसता."

ओढ्यातून जाताना त्याने क्लच सोडून द्यायला सांगितलं, उतारावर पहिला गिअर आणि ब्रेकवर हलकासा पाय. एकही शब्द मोठ्याने नाही. भुंगीच्या शाळेतल्या बाई सोडल्या तर मला एवढ्या संयमाने कुणी काही शिकवलेलं आठवत नाही.

सातव्या किलोमीटरवर वाट दोन झाडांच्या मधून जात होती. जुन्यातली जुनी दोन झाडं. चार माणसांनी हात पसरले तरी एकेकाला कवेत घेता येणार नाही, अशी. गाडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा. मी ब्रेक दाबला आणि पाय तिथून काढलाच नाही.

"थांबा हवं तितकं," तो म्हणाला. "या दोघांना कुठे जायची घाई नाही."

दहा मिनिटं गेली. मग तो उतरला, दोन्ही हातांचे तळवे माझ्याकडे करून समोर उभा राहिला आणि एकेक पाऊल मागे जाऊ लागला.

"झाडांकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे?"

"नियमात बसतं, मॅडम."

मी बघितलं. गाडी पलीकडे गेली. तक्त्यात त्या जागेला मी पाच दिले, आणि ते पाच अगदी खरे होते. एकूण नऊ ठिकाणं भरली. त्याने पॅड घेतलं, वाचलं आणि म्हणाला, "बरंच काम लावलंत."

दुसऱ्या शनिवारपर्यंत त्याने ते केलंही होतं. निसरडा उतार खरवडून खडी टाकलेली, ओढ्याच्या दोन्ही काठांना खुंट्या, झाडांच्या जोडीपाशी चाकाची रेघ कळावी म्हणून पांढरे रंगवलेले दगड. जाताना आम्ही बोलत होतो. त्याने भुंगीबद्दल विचारलं, आणि आईला मुलीबद्दल विचारणं म्हणजे काय असतं ते त्याला चार किलोमीटरमध्ये कळलं. मग मीच सांगितलं, की तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले, दुसऱ्या शहरात असतात. भांडण नाही. पण जिन्यात पावलं वाजली की भुंगी सहा महिने दाराकडे धावायची. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. मग ती परत येऊन बसायची.

पुढच्या वळणावर तो फक्त म्हणाला, "डावीकडे घ्या… छान."

तिसऱ्या शनिवारी गाडीत बसतानाच त्याने विचारलं, "ताप उतरला का तिचा?"

मला आठवेना की तापाचं मी याला कधी सांगितलं. मग आठवलं. मागच्या शनिवारी, उतरता उतरता, अर्धं वाक्य. तेवढं त्याने आठवडाभर सांभाळून ठेवलं होतं.

त्या दिवशी मला कुठेच भीती वाटली नाही. ओढ्यात नाही, उतारावर नाही, त्या दोन झाडांमध्येही नाही. परत आल्यावर मी पॅड मांडीवर घेतलं. शून्य, शून्य, एक, शून्य… आणि सातव्या किलोमीटरच्या रकान्यात पेन थांबलं. इथे शून्य लिहिलं की पाटी लागणार. पाटी लागली की शनिवार संपले.

मी चार लिहिले.

त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "अजून चार?"

"अजून… चार."

"बरं. करतो काहीतरी."

त्याने केलं. चौथ्या फेरीला चाकांच्या रेघेत सपाट ओंडके पुरलेले होते आणि दोन्ही बुंध्यांना जुन्या टायरचे तुकडे दोरीने बांधलेले, घासलं तरी लागू नये म्हणून. दोन दिवस लागले असतील त्याला. मी गाडी मधून लोण्यातून सुरी जावी तशी नेली, आणि परत आल्यावर पुन्हा चार लिहिले. मला लाज वाटली नाही असं नाही. पण त्या दिवशी त्याने डब्यातलं अर्धं मला दिलं होतं आणि म्हणाला होता, "पुढच्या शनिवारी जास्त आणतो."

पाचव्या शनिवारी तो डबा घेऊन आला होता, पण बोलत नव्हता. सातव्या किलोमीटरला पोचलो आणि मला कारण दिसलं. डावीकडच्या झाडावर, टायरच्या तुकड्याच्या वर, लाल रंगाची मोठी फुली होती.

"हे काय?"

"सोमवारी सकाळी करवतवाले येतायत." त्याने पॅडवरचा कागद काढला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं: चौथ्या फेरीनंतरही ज्या ठिकाणी तीन वा अधिक भीती नोंदवली जाईल, तेथील अडथळा काढून टाकावा.

खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचणारी बाई मी. आणि चार शनिवार हा कागद पॅडला लावलेला होता म्हणून मी उलटून पाहिला नव्हता.

"मला वाटलं तुम्ही वाचलं असेल," तो म्हणाला. "तुम्ही सगळंच वाचता."

"आता शून्य लिहिलं तर?"

"पाचव्या फेरीच्या शून्याला अर्थ नाही. आधीचे आकडे बदलावे लागतील. दुरुस्तीपत्र द्यावं लागतं, कारण लिहून." तो झाडाकडे बघत होता. "पण भीती खरी असेल तर बदलायची कशाला? तुमच्यावर राग नाही माझा. मी फक्त विचार करतोय, माझं काय कमी पडलं. दगड रंगवले, ओंडके टाकले… तरी तुम्हाला हे झाड असं वाटतं, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण डोळ्यांसमोर जिन्यातली पावलं आली, आणि दाराकडे धावणारी भुंगी. मी गिअर टाकला.

रविवारी आई भाजी निवडत होती आणि मी तिसऱ्यांदा ओटा पुसत होते.

"सांग आता," आई म्हणाली. "ओट्याचा रंग जाईल."

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एक जून पान बाजूला टाकलं.

"म्हणजे आरशासमोर अर्धा तास घालवून जी बाई शनिवारी जात होती, ती झाडाला घाबरते असं कार्यालयाने लिहून घेतलं?"

"आई!"

"बरं, राहिलं. मग अडलं कुठे? खरं लिही."

"खरं लिहिलं की त्याला कळणार. मग तो घरी येणार. भुंगीला त्याची सवय लागणार. आणि मग उद्या…"

"आजी," भुंगी दारातून म्हणाली, "सावकाशच्या गाडीला आरसे किती?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "सवय लागायची राहिली आहे होय? रोज जेवताना त्याचं नाव काढतं कोण? मी?"

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधी मी साहेबांच्या दारात उभी होते.

"दुरुस्तीपत्र?" साहेबांनी चष्मा लावला. "तुमची सही, सोबत्याची म्हणजे राखणदाराची सही, मग मी तोड थांबवू शकतो. सोबती जंगलात आहे, तिथे फोन लागत नाही. म्हणजे जावं लागणार. कारणाच्या रकान्यात 'लिहिण्यात चूक' टाका आणि निघू."

किती सोपं होतं ते. तीन शब्दही नाहीत. झाड वाचलं असतं, माझी अब्रू वाचली असती. आणि तो आयुष्यभर विचार करत बसला असता, की आपलं काय कमी पडलं.

"कारण तिथे गेल्यावर लिहिते," मी म्हटलं.

साहेबांना गाडी येत नाही. ते शेजारी बसले, दोन्ही हातांनी दांडी धरून. मी त्यांचा बेल्ट एकदाच ओढला. ओढा, उतार, वळण. अंगठे बाहेर, पाय हलका. दर शनिवारी जी वाट तासाभरात व्हायची, ती मी पाऊण तासाच्या आत आणली, आणि दगड एकही चुकला नाही. साहेब मधूनच "अहो, अहो," म्हणत होते, बाकी त्यांनी देवावर सोडलं होतं.

सातव्या किलोमीटरच्या अलीकडेच करवतीचा आवाज ऐकू आला. पण आवाज मोकळा होता, लाकडात शिरलेला नव्हता. करवत नुसती चालू करून बघत होते. दोघे करवतवाले झाडाखाली उभे, आणि तो जोडीच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून, बुंध्याचा टायर सोडवत होता.

मी हॉर्न वाजवला नाही. गाडी थांबवलीही नाही. करवतवाले बाजूला झाले, साहेबांनी डोळे मिटले, आणि मी एका हाताने स्टीअरिंग धरून त्या दोन झाडांच्या मधून सरळ पलीकडे गेले. वीतभर इकडे, वीतभर तिकडे.

तो वळला. आधी गाडीकडे पाहिलं, मग चाकांच्या रेघेकडे, मग माझ्या त्या एका हाताकडे.

मी उतरले, कागद बॉनेटवर ठेवला आणि उभ्या उभ्या लिहिलं. अक्षर नकाशावाल्या बाईला शोभेल असंच आलं:

'तिसऱ्या फेरीपासून या ठिकाणी भीती वाटलेली नाही. शून्य लिहिले असते तर शनिवारच्या फेऱ्या बंद झाल्या असत्या. तशी वेळ येऊ नये म्हणून चार लिहिले. राखणदाराच्या कामात काही कमी नव्हते.'

सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान आधी लाल झाले, मग गाल. करवतवाल्यांनी यंत्र बंद केलं होतं, त्यामुळे जंगल एकदम इतकं शांत झालं की पानावर पडलेला थेंबही ऐकू यायला लागला.

"सोबत्याचा अभिप्राय लिहावा लागेल," साहेब गाडीतून म्हणाले. "रकाना रिकामा चालत नाही."

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं. बोटाला बोट लागलं, ग्रीस माझ्या बोटावर राहिलं. बराच वेळ लिहीत होता, सावकाश. मग कागद माझ्याकडे न देता साहेबांना दिला. साहेबांनी सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग त्यांना थांबता येईना.

"'मान्य. दुसऱ्या फेरीनंतर परीक्षक बदलून मागण्याची तरतूद आहे. धीट परीक्षक मागितला असता तर काम तेव्हाच संपले असते. सोबत्याने ही तरतूद मुद्दाम… कुणाच्याही लक्षात आणून दिली नाही.'" साहेबांनी चष्मा काढला. "हे कार्यालय आहे का काय आहे?"

एक करवतवाला दुसऱ्याच्या खांद्याआड हसला.

"ही फाइल कायमची असते, सांगून ठेवतो," साहेब म्हणाले. "पन्नास वर्षांनी कुणीही काढून वाचेल. लावू?"

"लावा," मी म्हटलं. तोही तेच म्हणाला, त्याच वेळी.

साहेबांनी सही ठोकली. करवतवाले सामान उचलून आपल्या गाडीकडे चालू लागले. मी बॅगेतून ओले टिश्यू काढले आणि झाडावरची लाल फुली पुसायला लागले. रंग हट्टी होता. तो रॉकेलचा बोळा घेऊन आला आणि फुलीच्या दुसऱ्या टोकाला लागला.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "माझ्यासाठी नाही, भुंगीसाठी. तिची एक सवय एकदा तुटलीय. पुन्हा…"

"मॅडम, बारा वर्षं मी याच जंगलात आहे," तो पुसता पुसता म्हणाला. "निघून जाणारा माणूस असतो तर एव्हाना रस्ता सापडला असता."

मी टिश्यू आणखी जोरात घासला.

"आणि आधी तिला विचारू," तो पुढे म्हणाला. "ती म्हणेल तेव्हाच घरी येईन. चालेल?"

"ती आरसे किती आहेत ते विचारणार आहे."

"दोन. एक मी फोडला होता, पण ते नंतर सांगू तिला."

फुली फिकट गुलाबी झाली होती, पूर्ण गेली नव्हती. दोघांचे हात तिच्या मधल्या गाठीवर येऊन पोचले. तिथला रंग सगळ्यात जाड होता, वेळ लागणार होता. गाडीत बसलेल्या साहेबांनी हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला, जरा लांब.

आम्हाला दोघांनाही तो नीट ऐकू आला होता.